कापूर, लिंबू आणि फेरेटचा पिंजरा

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात रेडिंगला राहणारं मराठी कुटुंब. दीड वर्षापासून घरात फेरेट नावाचे दोन छोटे पाळीव प्राणी, एक नर, एक मादी. पिंजरा दुमजली, जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीचा, बैठकीच्या खोलीत, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या शेजारी. खाणं माशाचं, कोरडं. घरात साडेतीन वर्षांची मुलगी, म्हणून ‘केमिकल’ नको. रोज सगळा पिंजरा धुतात. पाण्यात डेटॉल, वरून लिंबू पिळलेलं, ट्रेमध्ये खाण्याचा सोडा भुरभुरलेला आणि खोलीत संध्याकाळी कापूर. एवढं करूनही वास जात नाही, उलट वाढलाय असं वाटतं. पुढच्या महिन्यात सांगलीहून सासूबाई सहा महिने राहायला येताहेत. तर नैसर्गिक पद्धतीनं पिंजरा स्वच्छ कसा ठेवायचा?

मी यॉर्कशायरमध्ये राहते. सोळा वर्षं फेरेट पाळतेय, आणि लोकांनी सोडून दिलेले फेरेट सांभाळणाऱ्या एका छोट्या संस्थेत दर शनिवारी पिंजरे घासायला जाते. डॉक्टर नाही. पण फेरेटचा वास या विषयात माझं नाक बऱ्यापैकी तयार झालंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग मानू नका. तुम्ही विचारलाय पिंजरा धुण्याचा प्रश्न, पण तुमची अडचण वेगळी आहे. पिंजरा तुम्ही कमी नाही, जास्त धुताय. आणि ज्या वस्तू तुम्हाला ‘नैसर्गिक’ वाटतात त्या या प्राण्याला सोसतातच असं नाही, कापूर तर डेटॉलइतकाच वाईट.

वास येतो कुठून, इथून सुरुवात करू. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांनी फेरेट बघितलेला नसेल. मुंगसासारखा लांबुडका दिसतो, पण मुंगसाचा तो नातलग नाही. तो पोलकॅट या युरोपातल्या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज, बिळातले ससे हुसकायला माणसानं दोन हजारांहून जास्त वर्षं पाळलेला. यॉर्कशायरमध्ये तर तो आमच्याकडच्या मांजराइतका नेहमीचा. त्याच्या सगळ्या कातडीत तेलाच्या ग्रंथी असतात आणि कस्तुरीसारखा जो जड, गोडसर वास येतो तो त्या तेलाचा. शेपटीखालच्या ग्रंथींचा वास वेगळा. तो घाबरल्यावर किंवा चिडल्यावर एकदम भपकन येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत विरतो. रोजचा वास त्या ग्रंथींचा नसतो. अमेरिकेत दुकानातून आणलेल्या पिल्लांच्या त्या ग्रंथी बहुधा काढलेल्याच असतात. तिथल्या लोकांना विचारा, घरात वास असतोच. इथे ब्रिटनमध्ये आजाराचं कारण नसताना त्या काढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

म्हणजे वासाचा पहिला धनी जाळी नाही, कापड आहे. फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतो. ज्या झोळीत, ज्या फडक्यात झोपतो, तिथे ते तेल मुरतं. जाळी रोज पुसली आणि झोळी पंधरा दिवस तशीच लटकली, तर वास जाणार कसा? तुमच्या प्रश्नात ट्रे आहे, जाळी आहे, फरशी आहे. झोळी कधी धुता ते कुठेच नाही.

दुसरा धनी कोपऱ्यातली लघवी. फेरेट कोपरा शोधतो, मागे मागे सरकत जातो, शेपटी वर करतो आणि जाळीला टेकूनच उरकतो. अर्धी लघवी ट्रेमध्ये, अर्धी जाळीवर आणि मागच्या भिंतीवर. रेडिंगचं पाणी जड आहे, तुमच्या किटलीत पांढरी पुटं धरत असतील तशीच पुटं लघवीचीही धरतात, पिवळट, खरखरीत. नखानं खरवडून बघा. ते पुट आहे तोवर वरून कितीही पुसा, ओल लागली की वास परत.

तिसरा धनी कुणाच्या लक्षातच येत नाही. फेरेट खाणं लपवतो. फेरेट या नावाचं मूळच लॅटिनमधल्या ‘छोटा चोर’ अशा अर्थाच्या शब्दात आहे, आणि ते नाव त्यानं कमावलंय. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या मादीनं सोफ्याच्या पोटात कोंबडीची मान, माझा एक पायमोजा आणि टीव्हीच्या रिमोटचं रबरी बटण अशी ठेव ठेवली होती. सापडली तेव्हा मान हिरवी झालेली. तेव्हा धुण्याआधी शोधायचं: झोळीच्या घड्या, बोगद्याचं टोक, ट्रेच्या मागची फट, वरच्या मजल्याची कडा.

आता जास्त धुण्यानं वास का वाढतो ते. फेरेटला आपलं घर आपल्या वासानं कळतं. तुम्ही रोज सगळंच्या सगळं धुऊन, पुसून, लिंबाचा वास लावून त्याला परत देता. तो आत शिरतो आणि पहिलं काम काय करतो? बूड घासत फिरतो, कोपऱ्यांवर खुणा करतो, अंग घासतो. तुमच्या दृष्टीनं स्वच्छ केलेलं घर त्याच्या दृष्टीनं परकं, म्हणून तो ते नव्यानं आपलं करून घेतो. अंघोळीचंही तसंच. साबणानं अंगावरचं तेल गेलं की कातडी ते भरून काढायला आणखी तेल सोडते, आणि दोन-तीन दिवसांनी वास आधीपेक्षा दाट. तुम्ही अंघोळीबद्दल लिहिलेलं नाही, पण ज्या घरात पिंजरा रोज धुतात त्या घरात फेरेटही आठवड्याला बादलीत जातो असा माझा अनुभव आहे. घालत असाल तर थांबवा. माझे फेरेट वर्षातून दोनदा भिजले तर खूप, तेही चिखलात लोळून आले म्हणून.

आता तुमच्या वस्तूंकडे येते. सगळ्यात आधी कापूर बंद करा, आजच. आणि डेटॉलही.

फेरेटचं यकृत काही पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्यात मांजरासारखंच मंद आहे. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या अंगातून जे सहज निघून जातं, ते याच्या अंगात रेंगाळतं. पॅरासिटामॉल त्याला घातक ठरतं ते त्याचमुळे. फिनॉलच्या जातीतले पदार्थही तसेच. पाण्यात ओतल्यावर दुधाळ होणारी जी जंतुनाशकं असतात त्यातली बरीचशी याच घराण्यातली, डेटॉलमधला क्लोरोझायलेनॉलसुद्धा. आपल्याकडचं फरशी पुसायचं फिनाईलही त्याच माळेत धरा. फेरेट ओल्या जाळीवरून चालतो, मग बसून पंजे चाटतो, आणि ते सरळ पोटात जातं.

आणि हे सगळं ‘केमिकल’ म्हणून टाळून आपण काय आणतो? निलगिरीचं तेल, टी ट्री, कापूर, संत्र्याच्या सालीचा अर्क. झाडातून निघालं म्हणून ते सौम्य, हा समज मी स्वतः महागात शिकले. फेरेट आणल्याच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या घरी पावसाळ्यात आई फरशी पुसायच्या पाण्यात निलगिरीचे थेंब टाकायची, घर कसं छान वाटायचं. मीही बादलीत सात-आठ थेंब टाकले, पिंजऱ्याची फरशी पुसली, दारं-खिडक्या बंद, बाहेर बर्फ. तासाभरानं दोन्ही माद्यांच्या तोंडातून लाळ गळत होती. एकीचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे दुमडत होते. टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टरकडे पळाले. वाचल्या दोघी, पण ती रात्र मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात कुठलं सुवासिक तेल वापरलं का?” म्हणजे असा उद्योग करणारी मी पहिली नव्हते.

म्हणून माझा साधा नियम असा की धुतल्यावर पिंजऱ्याला कशाचाही वास येता कामा नये, चांगल्यासुद्धा नाही. लिंबाचा रस तसा फार घातक नाही, पण तुम्ही लिंबू पिळता तेव्हा सालीतलं तेलही उडतं, शिवाय रसातली साखर जाळीवर चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते. लिंबाचं काम व्हिनेगर जास्त नीट करतं. उदबत्ती, धूप, प्लगला लावायचे सुगंधी डबे, सगळं त्या खोलीतून हलवा. सासूबाईंची उदबत्ती सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. देवघर दुसऱ्या खोलीत असेल तर उत्तम. नसेल तर पिंजरा हलवा, देव नको.

खाण्याचा सोडा ट्रेमध्ये भुरभुरू नका. फेरेट ट्रेमध्ये नाक खुपसून नांगरल्यासारखं करतो, ती बारीक पूड नाकात जाते, पंजांवरून पोटात जाते. सोड्याला पिंजऱ्यात एकच जागा आहे: पुटावर थोडा ओला लेप करून घासायला, आणि मग पूर्ण धुऊन काढायला. तेही फेरेट बाहेर असताना.

आणखी एक लोकप्रिय जोडी म्हणजे व्हिनेगर आणि सोडा एकत्र. फसफस दिसते म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं. होतं एवढंच की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात खारट पाणी उरतं. दोन्ही वापरायचे तर वेगवेगळ्या वेळी वापरा.

मग वापरायचं काय? खरं सांगू, माझ्या फडताळात चारच वस्तू आहेत: गरम पाणी, साधं पांढरं व्हिनेगर, धुण्याचा सोडा आणि वास नसलेला भांड्यांचा साबण. पाचवी वस्तू वेळ. तिच्यावर मात्र कुणी भरवसा ठेवत नाही.

व्हिनेगर पांढरंच घ्या, चिप्सवर घालतात ते तपकिरी नको. पाच टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचं असतं. रोजच्या पुसण्याला एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी पुरे. पुटं काढायला निम्मं-निम्मं. लघवी शिळी झाली की तिचा अमोनिया होतो, तो अल्कली, त्याला व्हिनेगरचं आम्ल मारतं. पुटातला चुनाही आम्लानं सुटतो. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर उडून जातो. इथवर सगळं छान. पण तुमची जाळी जस्ताची आहे, तिथे जपा. व्हिनेगर जस्त खातं. जाळीवर ओतून तासभर सोडलं की मुलामा पांढुरका पडतो, पुढे गंजतो, आणि जाळी चावायची सवय असलेल्या फेरेटच्या पोटात जस्त जाऊ शकतं. जस्ताची विषबाधा फेरेटला लवकर होते. म्हणून जाळीला व्हिनेगरचं फडकं, पाच मिनिटं, लगेच साध्या पाण्यानं पुसून कोरडी. पुटाच्या जागी फडकं भिजवून चिकटवून ठेवा, दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडा, विसळा. ट्रे प्लॅस्टिकचा असेल तर निर्धास्त अर्धा तास भिजत घाला. ट्रेला ओरखडे पडून ते काळपट झाले असतील तर धुण्यात वेळ न घालवता ट्रे बदला. ओरखड्यात मुरलेला वास मला आजवर काढता आलेला नाही. वर्षाला एक ट्रे जातो, धरून चाला.

धुण्याचा सोडा कापडासाठी. खाण्याचा सोडा आणि हा वेगळा, डब्यांवर नावं लिहून ठेवा, आमच्याकडे एकदा ढोकळा होता होता राहिलाय. इथल्या दुकानात कपडे धुण्याच्या सामानात त्याचे खडे मिळतात, स्वस्त असतात. कातडीचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही, व्हिनेगरनंही निघत नाही. त्याला अल्कली आणि ऊब लागते. अर्धा कप खडे गरम पाण्यात विरघळवून झोळ्या आणि फडकी रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी त्या पाण्याचा रंग बघा. पहिल्यांदा चहासारखा निघतो, वर तेलाची पातळ साय. तुमचा सगळा वास त्या बादलीत आहे. मग मशिनमध्ये 60 अंशांवर, वास नसलेली पावडर नेहमीच्या निम्मी, आणि विसळणी एक जादा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर कापडावर राहतो, फेरेट तो चाटतो, आणि तेलही त्या थराला धरून बसतं. सोड्यात हात घालताना हातमोजे घाला, आणि बादली मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

रिठ्याबद्दलही कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते. गावाहून आणलेले रिठे मी वर्षभर वापरून बघितले. लोकरीला छान, फेरेटच्या झोळीला नाही. तेल निम्मं निघतं, आणि नीट विसळलं नाही तर कापडाला कडवट चव राहते, फेरेट त्यात झोपायला तयार होत नाही. माझे फेरेट जमिनीवर झोपून माझ्याकडे बघत बसले होते.

कापड कोणतं, यावरही बरंच अवलंबून आहे. फ्लीस लवकर वाळतं पण तेल धरून ठेवतं, 60 अंशांवर त्याचे गोळे होतात. जुनी सुती साडी उत्तम. मऊ, पटकन निघते, कितीही उकळा. फक्त कडा दुमडून मशिननं शिवून घ्या, सुटे धागे पायाच्या बोटांभोवती गुंडाळतात. हातशिलाईची गोधडी मात्र नको, कितीही मायेनं दिलेली असली तरी. धावदोऱ्याच्या टाक्यांत नखं अडकतात. एका घरी नख मुळासकट उपटलेलं मी बघितलंय. टर्किश टॉवेलचंही तेच.

ट्रेमध्ये काय घालता ते तुम्ही लिहिलं नाहीत. कागदाच्या गोळ्या किंवा शेगडीत जाळायच्या लाकडी गोळ्या, भट्टीत वाळवलेल्या आणि काहीही न मिसळलेल्या, या मला बऱ्या वाटतात. लघवी पडली की फुगून भुगा होतो, अमोनियाही धरून ठेवतात. मांजराची घट्ट गोळा होणारी माती नको, ती ओल्या नाकात आणि बुडाला चिकटते. देवदाराचा किंवा कच्च्या पाइनचा सुगंधी भुसाही नको, फुप्फुसाला त्रास होतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात तोही, सुगंधासकट.

तर आठवड्याचा क्रम माझ्याकडे असा चालतो. सकाळ-संध्याकाळ ट्रेमधली शी उचलायची. फेरेटचं खाणं तीन-चार तासांत आतड्यातून पार होतं, म्हणजे शी वारंवार, आणि उचलणंही वारंवार. कोपऱ्यातली जाळी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसायची. मिनिटं पाच. चार दिवसांनी अर्धं कापड बदलायचं. अर्धंच. खालची झोळी धुवायला काढली तर वरची तशीच ठेवायची, पुढच्या खेपेला उलट. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून साबणानं धुवायचा, आणि नव्या गोळ्यांवर जुन्यातली एक लेंडी मुद्दाम ठेवायची. सासूबाईंसमोर ठेवू नका, पण ठेवा. ती नसेल तर त्यांना संडास कुठे ते कळत नाही, आणि मग तुमचा गालिचा आहेच. सगळा पिंजरा सुटा करून धुणं महिन्यातून एकदा. त्या दिवशी कापड बदलायचं नाही.

आणि धुतल्यावर वाळवायचं, हाडापर्यंत. ओल्या प्लॅस्टिकखाली अडकलेलं पाणी दोन दिवसांत कुबट होतं. आपल्याकडे ऊन फुकट मिळतं, इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते कॅलेंडरवरच. मी ट्रे आणि फळ्या उभ्या करून पंख्यासमोर ठेवते. उन्हाचा दिवस निघालाच तर शेजारपाजारची लाज न बाळगता सगळं बाहेर मांडते.

आता ज्या गोष्टींवर उत्तर बदलतं त्यांच्याकडे येते. पहिली, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ती शस्त्रक्रिया नराची झालीय का? दोघं दीड वर्ष एकत्र आहेत आणि पिल्लं नाहीत, म्हणजे निदान एकाची झाली असणार. पण कोणाची? नर अख्खा असेल तर वसंतात त्याचा वास इतका वाढतो, अंग पिवळट, चिकट होतं, की जगातलं कुठलंही व्हिनेगर पुरं पडत नाही. त्याला उपाय डॉक्टरकडेच: शस्त्रक्रिया किंवा कातडीखाली बसवायचं इंजेक्शनचं रोपण. काही आठवड्यांत वास एकदम उतरतो. मादी अख्खी असेल तर वासापेक्षा तिच्या जिवाचा प्रश्न आहे. नर लागल्याशिवाय ती माजावरून उतरत नाही, आणि महिनोन् महिने तशीच राहिली तर हाडातलं रक्त तयार होणं बंद पडू शकतं. हे आधी विचारून घ्या, बादली नंतर.

दुसरी, खाणं. माशाच्या खाण्यानं शी आणि अंग दोन्हींचा वास वाढतो. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे. धान्य जास्त असलेलं स्वस्त खाणं दिलं तर शीही जास्त. कोंबडीचं, मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू वळवा. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळून, कारण फेरेट खाण्याच्या बाबतीत हट्टी असतो. कच्चं मांस देणार असाल तर शी कमी होते हे खरं, पण घरात लहान मूल आहे. कच्च्या कोंबडीबरोबर जे जंतू येतात त्यांच्यासाठी भांडी वेगळी, हात साबणानं, आणि उरलेलं दोन तासांनी उचलायचं. तुमच्या घरात मी तरी सध्या कोरड्यावरच राहिले असते.

तिसरी, जागा. रेडिएटरच्या शेजारून पिंजरा हलवा. उबेनं तेल उडतं, वास खोलीभर पसरतो, आणि फेरेटला उकाडा मुळातच सोसत नाही. खिडकीपासून थोडं दूर, वारा खेळेल पण झोत लागणार नाही अशी भिंत बघा. नुसत्या जागेच्या बदलानं वास निम्मा झाल्याचं मी दोन घरांत बघितलंय.

जिथे नैसर्गिक उपाय पुरत नाहीत तेही सांगायला हवं. व्हिनेगर स्वच्छ करतं, जंतुनाशक म्हणून त्याची ताकद तोकडी. नवा फेरेट आणलात आणि घरात हिरवी, चिकट जुलाबाची साथ आली, किंवा अल्युशियन नावाच्या पार्व्होव्हायरसच्या आजाराचं निदान झालं, तर व्हिनेगर बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक सांगतील त्या प्रमाणात वापरायचं. बहुधा ते पातळ केलेलं ब्लीच असतं. तेव्हा तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधी एकत्र नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. लघवीवर सरळ ब्लीच नाही, अमोनियाशी मिळून तोही विषारी वायू. आधी साबणानं धुवा, खंगाळा, मग ब्लीच, मग पुन्हा खंगाळा, आणि पूर्ण वाळेपर्यंत फेरेट दुसऱ्या खोलीत.

पिंजरा धुणं ही तपासणीची वेळही आहे, म्हणून ते काम मी दुसऱ्याला देत नाही. शी डांबरासारखी काळी असेल तर पोटात रक्तस्राव असू शकतो. ज्वारीच्या दाण्यासारखी रवाळ असेल तर पचन बिघडलंय. नर ट्रेमध्ये कुंथतोय आणि ट्रे कोरडा, तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. आणि शस्त्रक्रिया झालेल्या फेरेटला अचानक जुना, उग्र वास परत यायला लागला, जोडीला शेपटीचे केस विरळ झाले, तर तो धुण्याचा दोष नसतो. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीचा आजार फेरेटमध्ये बराच आढळतो, त्याचं ते लक्षण असू शकतं.

घरात कुणाला फ्लू झाला असेल तर त्यानं पिंजऱ्याला हात लावू नये. आपला फ्लू फेरेटला होतो, त्याचा आपल्याला. 1933 साली लंडनमध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटला लागण करूनच. इतक्या लांबच्या प्रवासानंतर सासूबाई शिंकत आल्या तर पहिला आठवडा दोन्ही पक्षांना लांब ठेवा.

तुमच्याकडे चार आठवडे आहेत, ते पुरेत. पहिल्या आठवड्यात डेटॉल, कापूर आणि ट्रेमधला सोडा बंद, पिंजऱ्याची जागा बदला, सगळ्या झोळ्या दोन खेपांत धुण्याच्या सोड्यातून काढा. दुसऱ्या आठवड्यात पुटं खरवडा, ट्रे नवा आणा, खाणं बदलायला घ्या. मधे चार-पाच दिवस वास वाढल्यासारखा वाटेल, कारण तुम्ही रोज धुणं थांबवलेलं असेल आणि लिंबाचं पांघरूण गेलेलं असेल. तेव्हा घाबरून पुन्हा बादली उचलू नका. तिसऱ्या आठवड्यात फरक कळायला लागतो.

तुम्हाला मात्र कळणार नाही. रोज त्याच घरात राहणाऱ्या नाकाला ना वास येतो ना गेलेला समजतो. माझ्या घरातल्या वासाबद्दल मी माझ्या नाकाला कधीच विचारत नाही, शेजारच्या बाईंना विचारते. त्या फटकळ आहेत, दारातच उभ्या राहून सांगतात. तुम्हीही सासूबाईंच्या विमानाआधी आठवडाभर अशा कुणाला तरी चहाला बोलवा, जी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. दार उघडल्या उघडल्या तिचा चेहरा बघा. आणि नर-मादीपैकी कोणाची शस्त्रक्रिया झालीय ते विचारून मला कळवा, त्यावर बाकीचं सांगते.